घसा बसलेला, मैदान भरलेलं

एप्रिलच्या मध्यावर शाळांच्या परीक्षा आटोपत येतात, मैदानांवर फक्कीच्या रेषा पडतात आणि उन्हाळी शिबिरं सुरू होतात. सकाळची वेळ, तीस-चाळीस मुलं, त्यातली निम्मी सहा ते दहा वर्षांची. आठवडा उलटायच्या आत शिकवणाऱ्या ताई-दादांचा आवाज घोगरा होतो आणि मग पार बसतो. १६ एप्रिल हा दिवस जगभर आवाज दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे मैदानावरचे घसे बसायला लागतात तेही नेमके त्याच सुमारास. बदली माणूस मिळत नाही, शिबिर बंद ठेवता येत नाही, पालकांनी फी भरलेली असते. मग बहुतेक जण गालात आल्याचा तुकडा धरतात आणि ओरडत राहतात.

त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी खो-खो शिकवते, म्हणून उदाहरणं त्याच खेळातली येतील. पण कबड्डी, लंगडी, क्रिकेट, फुटबॉल यांतलं काहीही शिकवत असलात तरी अडचण एकच आहे. माझं म्हणणं असं, की आवाज बसलेला असताना लहान मुलांना शिकवता येतं आणि चांगलं शिकवता येतं. फक्त त्या दिवसाचा सराव वेगळा आखावा लागतो. कालचाच सराव आज हळू आवाजात घेऊ असं ठरवून मैदानात उतरलात, तर दहाव्या मिनिटाला पुन्हा ओरडत असाल.

आधी जायचं की नाही ते ठरवा

ताप आहे, अंग मोडून आलंय, नाक गळतंय, खोकला आहे, तर जाऊ नका. हा संसर्ग आहे आणि तो चाळीस घरांत पोचवण्यात अर्थ नाही. ओरडता ओरडता आवाज एकदम, एका क्षणात गेला असेल तर तो साधा थकवा नसण्याची शक्यता असते. स्वरतंतूत रक्त साकळलेलं असू शकतं. अशा वेळी एक शब्दही न बोलता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, थुंकी गिळता येत नसेल, तर थेट रुग्णालय.

यातलं काही नाही, नुसता घसा ओढलेला आहे, आवाज फाटतोय, संध्याकाळी बोलणं नकोसं होतंय, तर पुढचं वाचा.

बोलताना स्वरतंतू एकमेकांवर आपटत असतात. पुरुषांचे सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा, बायकांचे २०० च्या आसपास. ओरडलं की ही संख्या वाढते आणि प्रत्येक आपट जोरात बसते. रोज दोन तास हे चाललं की तंतू सुजतात, सुजलेले तंतू नीट मिटत नाहीत, आवाजात हवा मिसळते आणि तो पोचत नाही. पोचत नाही म्हणून आपण आणखी जोर लावतो. वर्षानुवर्षं हेच होत राहिलं तर तंतूंवर गाठी धरतात. शिक्षक, गायक, फेरीवाले आणि खेळाचे मार्गदर्शक या सगळ्यांचा हा ठरलेला आजार आहे.

म्हणून दुखऱ्या आवाजावर पहिला उपाय कमी बोलणं हाच, आणि कमी म्हणजे खरोखर कमी. कुजबुजून बोलणं ही पळवाट नाही. पुष्कळ जण कुजबुजताना गळा आवळून धरतात आणि त्याचा ताण साध्या बोलण्यापेक्षा जास्त पडतो. बोलायचंच असेल तर नेहमीच्या सुरात, मऊ, छोटं वाक्य, आणि ऐकणारा हाताच्या अंतरावर. दुसरी वाईट सवय खाकरण्याची. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं म्हणून आपण खाकरतो, त्याने तंतू जोरात घासले जातात, सूज वाढते आणि पुन्हा अडकल्यासारखं वाटतं. त्याऐवजी घोटभर पाणी प्या किंवा नुसता आवंढा गिळा.

पाणी मैदानावर गेल्यावर नव्हे, उठल्यापासून प्यायला लागा. गिळलेलं पाणी स्वरतंतूंना थेट लागत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. शरीरात मुरून तंतूंपर्यंत ओलावा यायला वेळ लागतो. मिठाच्या गुळण्यांचंही तेच. खवखव कमी होते, बरं वाटतं, पण गुळणीचं पाणी तंतूंपर्यंत उतरत नाही. वाफेचा ओलावा मात्र तिथवर जातो, म्हणून रात्री झोपताना साधी वाफ घ्या. त्यात बाम घालायची गरज नाही. ज्येष्ठमधाची कांडी चघळायला हरकत नाही, फक्त रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी तिची रोजची सवय लावू नये. पेपरमिंटच्या गोळ्यांबद्दल मी जरा सावध असते. त्या घसा बधिर करतात, दुखणं जाणवत नाही आणि माणूस ओरडायला मोकळा होतो. वेदनेवर ॲस्पिरिन घेऊन मैदानात जाणं टाळा, कारण त्याने रक्त गोठायला वेळ लागतो आणि ताणलेल्या तंतूत रक्तस्राव व्हायची भीती वाढते. हृदयविकारासाठी चालू असलेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि औषधाच्या दुकानातून आपणच अँटिबायोटिक आणायचं, ही गोष्ट कृपा करून सोडा. ओरडून बसलेल्या घशावर त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि सर्दीपाठोपाठ बसलेल्या घशामागेही बहुतेक वेळा विषाणू असतो, त्यावरही ते चालत नाही.

मुलांना सांगितलंच पाहिजे

आवाज नाही हे मोठ्यांना कळतं. सात वर्षांच्या मुलाला कळत नाही. रोज हाका मारणारी ताई आज गप्प आहे, म्हणजे ती रागावली आहे, एवढंच त्याला समजतं. मी एकदा काही न सांगता नुसत्या खुणांनी सराव सुरू केला तेव्हा एक छोटी मुलगी पाणी प्यायच्या निमित्ताने जवळ आली, माझी ओढणी धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, ‘‘ताई, आम्ही काय केलं?’’ तेव्हापासून पाटी घेऊन जाते. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: ‘माझा घसा दुखतोय. रागावलेली नाही. आज खुणांचा खेळ.’ वाचता येणारं एखादं मूल ते सगळ्यांना वाचून दाखवतं. आदल्या रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरही दोन ओळी टाकाव्यात, आणि एका पालकाला किंवा मोठ्या गटातल्या खेळाडूला थांबायची विनंती करावी. हा माणूस कशासाठी, ते पुढे येईल.

मग खुणा. पाचपेक्षा जास्त नकोत. लहान मुलांच्या डोक्यात त्याहून जास्त राहत नाहीत. माझ्या अशा: एक लांब शिट्टी म्हणजे जिथे आहात तिथे थांबा आणि माझ्याकडे बघा. दोन छोट्या म्हणजे पळत माझ्याकडे या. हात डोक्यावर म्हणजे खाली बसा. हाताचं चक्र म्हणजे पुन्हा करा. दोन्ही हातांची फुली म्हणजे खेळ बंद. शिट्टी फुंकताना स्वरतंतूंना काम नसतं, त्यामुळे ती वापरायला मोकळीक आहे. पण सारखी वाजणारी शिट्टी मुलं ऐकेनाशी होतात, म्हणून ती थांबण्यासाठी आणि बोलावण्यासाठीच राखून ठेवा. मुलाच्या कानाजवळ फुंकू नका, आणि घसा आलेला असताना आपली शिट्टी दुसऱ्याच्या तोंडात देऊ नका. गावाकडे हलगी वाजवणारं कोणी असेल तर तिच्यासारखं दुसरं साधन नाही. लेझीमला सरावलेली मुलं हलगीचा ठेका बदलला की आपोआप पावलं बदलतात.

या खुणा समजावून सांगायला बसू नका, खेळातून शिकवा. ‘शिवाजी म्हणतो’ मूकपणे खेळता येतो: तुम्ही छातीवर हात ठेवून खूण केली तर करायची, छातीवर हात न ठेवता केली तर जो करील तो बाद. तळ्यात-मळ्यात तर यासाठी फार छान. एका हातात निळं फडकं, दुसऱ्यात हिरवं. निळं वर गेलं की तळ्यात, हिरवं गेलं की मळ्यात. पहिली दहा मिनिटं हे खेळलात की पुढचा तासभर मुलांचे डोळे तुमच्यावर राहतात. एरवी ‘इकडे बघा, इकडे बघा’ म्हणून जो आवाज वाया जातो तो इथेच वाचतो.

उभं कुठे राहायचं यालाही महत्त्व आहे. ऊन तुमच्या डोळ्यांवर यावं, मुलांच्या पाठीवर. वारा तुमच्याकडून मुलांकडे जावा. पाठीशी भिंत असेल तर उत्तम. रस्ता, गेट किंवा दुसऱ्या गटाचा खेळ असेल तर मुलं तुमच्याकडे बघणारच नाहीत. मुलांना अर्धवर्तुळात बसवा, मागच्या मुलाचा चेहरा दिसला पाहिजे. आणि सुरू करण्यापूर्वी मैदानावर पाणी मारून घ्या. लाल मातीची धूळ उडत असताना कुठलाही घसा बरा होणार नाही, तुमचाही नाही आणि मुलांचाही नाही.

न बोलता शिकवायचं काय

खरी गंमत इथे आहे. लहान मुलं ऐकून फार कमी शिकतात, बघून आणि करून शिकतात. आपण बोलत असतो ते पुष्कळदा स्वतःच्या समाधानासाठी.

खो-खोतलं बसणं घ्या. चौकोनात बसलेल्या खेळाडूने कसं बसावं हे मी आधी तोंडाने सांगायचे: एक पाय पुढे, एक मागे, मागची टाच उचललेली, दोन्ही हात जमिनीला टेकलेले, नजर पुढे. आता प्रत्येक चौकोनात फक्कीने दोन पावलं आणि दोन पंजे काढून ठेवते. मूल येतं, पावलावर पाऊल ठेवतं, पंजावर पंजा ठेवतं, बसणं झालं. टाच राहते. त्यासाठी मागच्या टाचेखाली पिंपळाचं एक पान सरकवते आणि देठाला धरून हळूच ओढते. पान सुटून आलं तर टाच वर आहे; अडकलं तर मूल स्वतःच खाली बघतं आणि टाच उचलतं. दोन दिवसांत मुलं पानं घेऊन एकमेकांच्या टाचा तपासू लागतात. ‘टाच वर, टाच वर’ असं दिवसभर ओरडून जे होत नव्हतं, ते होतं.

खो देणंही असंच तोडून शिकवता येतं. नियमाप्रमाणे पाठीला हाताचा स्पर्श आणि ‘खो’ हा उच्चार दोन्ही लागतं. सरावात आधी नुसता स्पर्श घ्यावा. जोड्या लावायच्या, बसलेल्याने डोळे मिटायचे, मागच्याने पाठीवर तळहात टेकायचा. पूर्ण तळहात जाणवला तरच उठायचं, नुसती बोटं लागली तर बसून राहायचं. घाईने आधीच उठण्याची लहान मुलांची जी सवय असते ती इथे मोडते. स्पर्श पक्का झाला की मग शब्द जोडायचा.

करून दाखवताना दोन गोष्टी सांभाळा. एक, चूक करून दाखवू नका. बोलून खुलासा करता येत नसेल तेव्हा लहान मुलं चुकीचीच नक्कल उचलतात. दुसरी, मुलांकडे तोंड करून दाखवलंत तर डाव्या-उजव्याची गल्लत होते. पाठ करून दाखवा, मग बाजूने दाखवा. तुम्हाला गुडघ्याचा त्रास असेल तर मोठ्या गटातली मुलगी दाखवील, तुम्ही फक्त बोट ठेवा: इथे बघा.

मैदानाचे चार कोपरे करून चार कामं मांडून ठेवली की सूचना आणखी कमी होतात. एका कोपऱ्यात दोरीवरून उड्या, एकीकडे शंकूंमधून नागमोडी पळणं, एकीकडे टेनिसचा चेंडू झेलणं, एकीकडे लंगडी. प्रत्येक कोपऱ्यात पुठ्ठ्यावर चित्र. शिट्टी वाजली की पुढचा कोपरा. तुम्ही मधे उभं राहून ओरडण्याऐवजी जिथे गरज आहे तिथे चालत जाता, वाकता, मुलाचा खांदा वळवून देता.

सूचना न देता मुलाकडून काम करून घेण्याचं सर्वांत नामांकित उदाहरण शिवाजी पार्कवरचं आहे. रमाकांत आचरेकर सर सचिनच्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो त्याला बाद करील त्याला ते नाणं. सचिन टिकला तर सचिनला. विकेट फेकू नकोस, दमलास तरी लक्ष ढळू देऊ नकोस, हे सगळं त्या नाण्यात आलं. आपल्या छोट्यांसाठी नाणं नको, शंकूच्या टोकावर चेंडू चालेल: पळून वळताना चेंडू पडला नाही तर तो तुझा. वळण कसं घ्यावं याचं भाषण वाचलं.

शाबासकीत मात्र कंजुषी नको. आवाज नसला की नकळत कौतुक कमी होतं आणि चुका दाखवणं चालू राहतं, कारण चुकीला बोट पुरतं. म्हणून मुद्दाम लक्ष ठेवा. टाळी द्या, अंगठा दाखवा, मनगटावर फक्कीची टिकली लावा. ओरडून दिलेल्या ‘शाब्बास’पेक्षा जवळ जाऊन दिलेली टाळी मुलाला जास्त दिवस आठवते, असा माझा अनुभव आहे. मस्ती करणाऱ्याकडेही लांबून शिट्टी फुंकू नका. त्याच्याजवळ जाऊन उभं राहा, त्याच्या उंचीवर वाका, डोळ्यांत बघा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

कोणाच्या तरी घशावर ओझं टाकू नका

आपला आवाज बसला की एखादं खणखणीत आवाजाचं मूल निवडून त्याच्याकडून आरोळ्या द्यायची पद्धत आहे. ती मला मुळीच मान्य नाही. मुलांमध्ये आवाज सतत घोगरा असण्याचं सर्वांत नेहमीचं कारण ओरडण्याने आलेल्या गाठी हेच असतं. मुलांनाही घसा असतो. गोंगाट वाढला की त्यावर मात करायला प्रत्येक जण आपोआप आवाज चढवतो. तुम्ही ओरडलात की मुलं चढ्या आवाजात बोलतात, मग तुम्ही आणखी ओरडता. तुम्ही गप्प राहिलात तर थोड्या वेळाने मैदान खरंच खाली येतं, एकदा करून बघा. कबड्डी शिकवत असाल तर दम घुमवताना गळा ताणायची गरज नाही, पंचाला ऐकू जाईल इतपत स्पष्ट आणि सलग आवाज पुरतो, हे मुलांना पहिल्यापासून लावून द्या.

नेहमी शिकवणाऱ्याने कमरेला अडकवायचा छोटा स्पीकर आणि डोक्यावरचा माइक घ्यावा. शिक्षक ते वर्गात वापरतात, मैदानावरही चालतो. माइक ओठांच्या कोपऱ्याशी असावा, थेट तोंडासमोर नको. आणि माइक लावूनही सवयीने ओरडणारे पुष्कळ असतात. स्पीकरचा आवाज वाढवा, स्वतःचा नव्हे.

आता त्या थांबवलेल्या पालकाकडे येऊ. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले; प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्याकडचे. ते सामने पाहिलेल्या प्रत्येक मुलाला आता सूर मारायचा असतो, खांबावर झेप घ्यायची असते. आवाज नसलेल्या दिवशी यातलं काहीही घेऊ नका. सीझन बॉलने नेट नको, मल्लखांबावर नवी उडी नको. पोहणं तर दुसरा प्रशिक्षक काठावर असल्याशिवाय अजिबात नाही. ‘थांब!’, ‘बाजूला हो!’, ‘बॉल!’ हे शब्द वेळेवर उमटले नाहीत तर इजा होते, आणि पाठमोऱ्या मुलाला खूण दिसत नाही. म्हणून आवाज शाबूत असलेला एक मोठा माणूस पूर्ण वेळ मैदानावर हवा. फोन करायचं, रुग्णवाहिका बोलवायचं कामही त्याच्याकडे. तो नसेल आणि मुलं वीसच्या वर असतील तर गट निम्मा करा किंवा सराव रद्द करा. एवढं सगळं करूनही एखाद्या मुलाच्या डोक्याशी चेंडू येताना दिसला, तर बेधडक ओरडा. घशाचं नंतर बघता येईल.

घरी आल्यावर फोनवर बोलत बसू नका. मैदानावर वाचवलेला आवाज तिथे खर्च होतो. तंबाखू, मिश्री, सिगारेट असेल तर घसा बरा होण्याची आशा तेवढी कमी. रात्री उशिरा तिखट-तेलकट जेवून लगेच आडवं झाल्याने पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं आणि सकाळचा आवाज खरखरीत होतो; शिबिराच्या दिवसांत जेवण लवकर आटोपा.

साधा बसलेला घसा एक-दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवडे झाले तरी घोगरेपणा गेला नाही तर दुर्बीण घालून तपासणी करून घ्या. तंबाखूची सवय असेल, मानेत गाठ लागत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल तर तीन आठवडेही थांबू नका. गाठी निघाल्या तरी घाबरायचं कारण नाही, त्या बऱ्याचदा वाचा उपचार तज्ज्ञाकडच्या व्यायामांनी आटोक्यात येतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाणी आणि श्रवणाच्याच कामासाठी आहे, मोठ्या सरकारी रुग्णालयांतही असा विभाग असतो.

आवाज परत आला की पहिल्या दिवशी पूर्ण दोन तास बोलू नका. सकाळी घरून निघताना ओठ मिटून पाच मिनिटं हलकं गुणगुणा, किंवा बारीक स्ट्रॉ ओठांत धरून तिच्यातून ‘ऊ’ काढा. तंतू ताण न पडता हलू लागतात. पहिले दोन-तीन दिवस अर्धा वेळ खुणा, अर्धा वेळ आवाज. त्यानंतरही पाच खुणा आणि चौकोनातली फक्कीची पावलं तशीच ठेवा, कारण नव्या गटात पुढच्या सोमवारी पुन्हा सहा वर्षांची मुलं येणार आहेत आणि त्यांनाही टाच उचलायला शिकवायचं आहे.